पडीक कुणी पाडलं?

(वस्तीतल्या वाचनालयात पोरापोरींपुढे केलेलं भाषण. कागदावर उतरवताना थोडं सरळ केलं आहे. बाकी तोंडचं तसंच ठेवलं आहे.)



मला निरोप होता, कवितेवर बोल. कवितेवर बोलणारे या शहरात पुष्कळ आहेत. त्यांना शाल मिळते, नारळ मिळतो. मी आज एकाच शब्दावर बोलणार आहे. तो कुठल्या कवितेतला नाही, तुमच्याआमच्या तोंडातला आहे. पडीक.

"तो काय, नाक्यावर पडीक असतो." "काय रे, आज घरीच पडीक?" "असली पडीक पोरं घेऊन चळवळ होते काय?" हे आपण रोज बोलतो. आणि गावी गेलो की तोच शब्द जमिनीला लागलेला दिसतो. ओढ्याकडची जमीन पडीक. डोंगराखालची जमीन पडीक. एकच शब्द जमिनीलाही आणि माणसालाही. हे कसं झालं, आणि त्यात कुणाचा फायदा झाला, एवढंच बघायचं आहे.

मी दहावी पास आहे. शब्दशास्त्र शिकलेलो नाही. पण गोदीत माल उचलायच्या आधी आम्ही त्याला एकदा हलवून बघतो, वजन कुठल्या अंगाला आहे ते. शब्दही तसा हलवून बघता येतो, त्याला बी. ए. व्हावं लागत नाही.

सुरुवात माझ्याच चुकीपासून करतो. मागच्या पावसाळ्यातली गोष्ट. रात्रपाळी करून सकाळी खोलीवर आलो. दार सताड उघडं, पावसाचं पाणी आत आलेलं, माझी वह्यापुस्तकं भिजलेली. बा खाटेवर पडलेला. बापानं माझ्या उभ्या आयुष्यात पाठीवर गोण्याच वाहिल्या. आता मणका गेला आहे, उठायला भिंत धरावी लागते. मला हे सगळं ठाऊक. तरी डोकं फिरलं आणि मी म्हणालो, "दिवसभर पडीक असतोस, दार तरी लोटून घ्यायचं."

बा काही वेळ बोलला नाही. मग म्हणाला, "रान ऱ्हातं पडीक. मी काय रान हाय का?"

त्या दिवसापासून हा शब्द माझ्या डोक्यातून जात नाही.

आता शब्दाचं घराणं बघू. पडणे हे क्रियापद. आपल्या गावात बैल मेला असं म्हणत नसत, बैल पडला म्हणत. बैल पडला की सांगावा कुणाकडं? महारवाड्याकडं. ओढून न्यायचा आम्ही. भिंत पडली, बोलवा त्यांना. गावात जे जे पडलं ते ते आमच्या अंगावर. पडेल ते काम आमचं आणि पडीक जमीन आमच्या शेजारी. १९२७ च्या मार्चात महाडला चवदार तळ्याचं पाणी बाबासाहेबांनी प्यायलं, हे शेंबड्या पोराला माहीत असतं. त्याच परिषदेत त्यांनी मेल्या ढोराचं मांस सोडा, ही चाकरी सोडा, शेती धरा असं सांगितलं होतं, ते आपण कमी आठवतो. पडलेलं उचलणं बंद करा आणि जमीन धरा, असा तो सरळ कार्यक्रम होता.

मराठीत क्रियापदं जोडीनं येतात. मरणे आणि मारणे. जळणे आणि जाळणे. तुटणे आणि तोडणे. पडणे आणि पाडणे. पहिल्यात करणारा दिसत नाही, दुसऱ्यात दिसतो. वस्तीत घरं जळाली, असं छापून येतं तेव्हा वाचणाऱ्याला वाटतं, चुलीची ठिणगी उडाली असेल. घरं जाळली म्हटलं की पुढचा प्रश्न येतो, कुणी? हा एक काना फार महागाचा आहे, म्हणून छापणारे तो जपून वापरतात.

आता बघा, पडीक हा शब्द पडणेपासून केला. पाडणेपासून असा शब्द आपल्या भाषेनं केला नाही. म्हणजे जमीन पडीक आहे म्हटलं की ती आपोआप पडली. माणूस पडीक आहे म्हटलं की तो आपल्या आळसानं पडला. कुणी पाडलं, हा प्रश्नच शब्दाच्या बाहेर ठेवला. माझं आजचं म्हणणं एवढंच आहे. हा प्रश्न शब्दाच्या आत घाला. कुठंही पडीक ऐकलं की विचारा, कुणी पाडलं?

कुणबी माणसाला पड या शब्दाचा खरा अर्थ ठाऊक आहे. तो एखादं वर्ष रान मुद्दाम पड टाकतो. जमिनीला विसावा मिळतो, कस भरून येतो, पुढच्या साली पीक जोमानं येतं. तिथं पड म्हणजे विश्रांती. टाकणारा कोण ते माहीत, कशासाठी टाकली ते माहीत, परत कधी नांगरायची तेही माहीत. हा शब्द सरकारच्या वहीत गेला आणि बिघडला.

तलाठ्याच्या वहीत पडीचे किती प्रकार आहेत ऐका. चालू पड, म्हणजे यंदा पेरली नाही ती. इतर पड, म्हणजे काही वर्षं पेरली नाही ती. लागवडयोग्य पडीक, म्हणजे पेरता येईल पण पेरत नाहीत ती. मग पोटखराबा. त्यात अ आणि ब. अ म्हणजे लागवडीच्या लायक नसलेला तुकडा, ब म्हणजे रस्ता, नाला, मसणवटा असल्या सार्वजनिक कामाचा. आणि या सगळ्यांत माझा लाडका शब्द, आकारी पड. आकार म्हणजे सरकारी सारा. एक माणूस जमीन कसत होता. दुष्काळ पडला, सारा थकला. सरकारनं जमीन जमा करून घेतली. तिचं नाव झालं आकारी पड. आता ही जमीन काय आपोआप पडली? तिला दिवसाउजेडी कागदावर सही करून पाडली. तरी नाव बघा किती गरीब. जणू जमीन चालता चालता ठेच लागून पडली.

इंग्रजांनी जमिनी मोजल्या तेव्हा ज्या जमिनीचा सारा येत नाही तिला ते वेस्ट म्हणत. वेस्ट म्हणजे वाया गेलेली. वाया कुणाला? तिजोरीला. इंग्रज गेला, हिशेब राहिला. १९८५ साली दिल्लीत राष्ट्रीय पडीक जमीन विकास मंडळ निघालं. पुढे उपग्रहावरून फोटो घेऊन देशातल्या पडीक जमिनीचे नकाशे छापले. नकाशे चांगले रंगीत आहेत. पण आभाळातून माझ्या आजीची पाटी दिसत नाही.

माझी आजी त्याच पडीक रानात उभा जन्म फिरली. पहिल्या पावसानंतर तरोटा, मग कुर्डू, घोळ, तांदूळजा, पाथरी. हिवाळ्यात बोरं. चुलीला काटक्या, बाभळीच्या शेंगा शेळीला, गोवऱ्यांना शेण. घरातली भाजी तिथनं, जळण तिथनं, शेळीचं पोट तिथनं. बाजारहाटाला पैसा नसायचा त्या दिवसांत आम्ही जगलो ते त्या जमिनीवर, जिच्यावर काहीच पिकत नाही असं वहीत लिहिलं होतं. तिची कसली नोंद? ना पीक म्हणून, ना काम म्हणून.

पोरींनो, इथं तुमच्यासाठी एक वेगळं सांगतो. नवऱ्यानं सोडलेल्या बाईला आपण काय म्हणतो? टाकलेली. रान पड टाकतात तशी. यात तरी करणारा दिसतो, नवऱ्यानं टाकली. पण शब्द चिकटतो कुणाला? टाकणारा दुसरं लग्न करून मिरवतो, त्याला कुठला शब्दच नाही. टाकलेली मात्र मरेपर्यंत टाकलेली. आणि हे शब्द वापरण्यात आपली वस्ती गावापेक्षा काही मागं नाही. बामणाला शिव्या देताना आपला गळा फुटतो आणि आपल्याच चाळीतल्या टाकलेल्या बाईला खोली भाड्यानं देताना आपण दहा वेळा विचार करतो.

आता जमिनीच्या मुख्य गोष्टीवर येतो.

महारांना वतन होतं. वतनाची थोडी जमीन, हाडोळा म्हणत तिला, आणि बदल्यात रात्रंदिवस गावाची आणि सरकारची चाकरी. १८७४ च्या वतन कायद्यानं ती बेडी पक्की केली. १९२८ साली बाबासाहेबांनी मुंबई कौन्सिलात ती तोडायचं बिल आणलं, पण ते पार पडलं नाही. शेवटी १९५८ चा कनिष्ठ गावकामगार वतनं रद्द करण्याचा कायदा आला. चाकरी गेली हे चांगलं झालं. जमीन मात्र कब्जेहक्काची रक्कम भरून परत घ्यायची होती. हाती पैसा कुणाच्या होता? ज्यांनी भरला त्यांचे तुकडे पिढीगणिक वाटून टॉवेलाएवढे झाले.

मग कूळकायदा. १ एप्रिल १९५७ हा कृषकदिन. कसेल त्याची जमीन. मोठा क्रांतिकारक कायदा. पण कसेल म्हणजे कोण? ज्याचं नाव कूळ म्हणून कागदावर आहे तो. सालगडी कसत होता, रोजंदारीवाला कसत होता, त्यांचं नाव कुठल्या कागदावर? म्हणजे नांगराला हात ज्याचा, त्याला कायद्यानं कसणारा मानलं नाही. कसेल त्याची जमीन झाली, नसेल त्याचं काय? हा प्रश्न आपल्याच लोकांना विचारावा लागला.

आणि त्यांनी तो विचारला. १९५३ साली मराठवाड्यात सत्याग्रह झाला. १९५९ साली पुन्हा, दादासाहेब गायकवाडांच्या पुढारपणाखाली, खानदेशात, नाशकात, नगरकडं, मराठवाड्यात. मग ६ डिसेंबर १९६४, बाबासाहेबांचा महापरिनिर्वाण दिन, त्या दिवशी देशभर भूमिहीनांचा सत्याग्रह सुरू झाला. तीन लाखांच्या वर माणसं तुरुंगात गेली. बाया कडेवर पोरं घेऊन गेल्या. आज आपण सोशल मीडियावर एक फोटो टाकून थकतो, म्हणून हा आकडा पुन्हा म्हणतो. तीन लाखांच्या वर.

या लोकांची मागणी काय होती? पाटलाची बागायत द्या? नाही. पडीक जमीन भूमिहीनांना द्या. जी कुणाला नको आहे ती आम्हाला द्या. एवढी साधी, भिकारी म्हणावी इतकी साधी मागणी. आणि तीही देताना हात आखडले.

गंमत इथंच आहे. ती जमीन कुणाला नको असते तोवर पडीक असते. आपला माणूस तिथं कुदळ मारतो, त्याच दिवशी तिचं नाव बदलतं. ती गायरान होते, गावच्या गुरांचं तोंडचं गवत होते. ज्यांच्या दावणीला पंचवीस वर्षांत गाय नाही त्यांना गोमाता आठवते. आणि आपला माणूस होतो अतिक्रमणवाला. दहा वर्षांनी तिथं सौर प्रकल्प येतो, सरकारी आणि गायरान जमीन त्याला दिली जाते, तेव्हा त्याच मातीचं नाव होतं प्रकल्प. पडीक, अतिक्रमण, प्रकल्प. माती तीच. उभा राहणारा माणूस बदलला की शब्द बदलतो.

मराठवाड्यात एकनाथ आवाडांनी मानवी हक्क अभियानातून हीच गायरानं धरायला शिकवलं. जमीन धरा, पेरा, आणि पेरल्याचा पुरावा ठेवा. त्या लोकांनी मार खाल्ला, उभं पीक जाळून घेतलं, पण जमीन सोडली नाही. त्या माणसांना कुणी पडीक म्हणून दाखवावं.

आता आमच्या घरची गोष्ट. ती सांगितली नाही तर हे सगळं पुस्तकी होईल.

माझ्या आज्यानं १९८३ साली गायरानातली दोन एकर जमीन फोडली. दगड वेचून बांध घातले. ते बांध आजही आहेत. आज्या गेला, बा मुंबईला आला, चुलता तिथंच राहिला. दरसाल ज्वारी, तूर होते. १९९१ च्या शासन निर्णयानं मागासवर्गीय भूमिहीनांची १४ एप्रिल १९९० पर्यंतची शेतीसाठीची अतिक्रमणं नियमित करायचं ठरलं. तारीख बघा, बाबासाहेबांची जयंती. हिशेबानं आमची दोन एकर त्यात बसते. पण कागद काय सांगतो? सातबाऱ्याच्या बाराव्या नमुन्यात, पिकाच्या रकान्यात, वर्षामागून वर्ष एकच शब्द. पड.

रानात तूर माणसाच्या डोक्याएवढी, आणि वहीत पड. गावात बसून, रानात न जाता, कुणीतरी तो शब्द लिहिला. माझा प्रश्न सोपा आहे. ही जमीन कुणी पाडली? पावसानं नाही, दुष्काळानं नाही. एका पेनानं पाडली.

पुढं ऐका. २०११ च्या २८ जानेवारीला सर्वोच्च न्यायालयानं पंजाबच्या जगपाल सिंग खटल्यात निकाल दिला. गावच्या सामाईक जमिनींवरची अतिक्रमणं काढा. निकाल धनदांडग्यांच्या विरोधात होता, वाईट नव्हता. त्यात अपवादही सांगितला होता. शासनाच्या अधिसूचनेखाली भूमिहीन मजुरांना किंवा अनुसूचित जातीजमातींच्या लोकांना पट्ट्यानं दिलेली जमीन असेल, तर नियमित करता येईल. २०२२ साली मुंबई उच्च न्यायालयानं गायरानांचा प्रश्न हाती घेतला आणि गावोगाव नोटिसा निघाल्या. चुलत्यालाही आली. नोटिशीत निकालाचा पहिला भाग आहे. अपवादाचा अ पण नाही. आणि १९९१ च्या निर्णयाखाली पट्टा मागायला गेलं तर म्हणतात, कसत होता त्याचा पुरावा आणा. पुरावा कुठं बघतात? त्याच बाराव्या नमुन्यात.

२०२१ पासून ई-पीक पाहणी आली. शेतकऱ्यानं स्वतः मोबाईलवर पिकाचा फोटो काढून नोंद करायची. चांगली गोष्ट. आता तलाठ्याच्या पेनाची मर्जी नको. पण ते ॲप खातेदाराच्या नावानं चालतं. ज्याचं सातबाऱ्यावर नावच नाही त्यानं फोटो काढून कुणाला पाठवावा? पेन गेलं, मोबाईल आला, आमची तूर अजून पडच.

आता गावातनं शहरात येऊ, कारण तुम्हांपैकी अर्ध्यांना वाटत असेल, आपल्याला काय जमिनीचं.

या शहरात १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप झाला. अडीच लाख कामगार बाहेर पडले. संप अधिकृतपणे मागे घेतला गेलाच नाही. गिरण्या बंद, भोंगे बंद. चाळीतले बाप दिवसा घरी दिसू लागले. त्यांना शेजारीपाजारी काय म्हणत? पडीक. आणि गिरण्यांची सुमारे सहाशे एकर जमीन, तिला काय म्हणत? तीही पडीक. पण पुढं काय झालं बघा. १९९१ च्या विकास नियमावलीत ठरलं, गिरणीच्या जमिनीचे तीन वाटे. एक शहराच्या मोकळ्या जागांसाठी, एक म्हाडाच्या घरांसाठी, एक मालकाला. २००१ साली नियम बदलला. वाटायची ती फक्त मोकळी जमीन, ज्या जमिनीवर शेड उभी आहे ती हिशेबात नाही. एका शब्दाची व्याख्या बदलली आणि शहराचा वाटा मूठभर झाला. २००६ च्या मार्चात सर्वोच्च न्यायालयानं तेच कायम केलं. तिथं आज मॉल आहेत, टॉवर आहेत. जमीन एका रात्रीत पडीकची सोन्याची झाली. त्या जमिनीवर घाम गाळणारा माणूस मात्र पडीक तो पडीकच राहिला. दोघं एकाच दिवशी पडले होते ना? मग उचललं एकालाच कसं?

गोदीचं सांगतो, ते मला जवळचं आहे. पूर्वी गोदीत टोळीवाला असे. पहाटे गेटावर माणसांची गर्दी, टोळीवाला बोट करेल तो आत, बाकीचे परत. १९४८ साली गोदी कामगारांच्या नोकरीच्या नियमनाचा कायदा झाला, आणि १९५१ पासून मुंबईत गोदी कामगार मंडळाची योजना आली. त्यात एक गोष्ट फार मोलाची होती. नोंदलेला कामगार हजेरीला आला आणि जहाज नाही म्हणून काम मिळालं नाही, तर त्याला हजेरीभत्ता मिळे. महिन्याला ठराविक दिवसांच्या पगाराची हमी असे. म्हणजे कायद्यानं कबूल केलं होतं, की कामाला उभा असलेला माणूस रिकामा असेल तर तो दोष त्याचा नाही. जहाज आलं नाही, हा दोष जहाजाचा. लढून मिळवलेली ही ओळ होती.

मग कंटेनर आले. १९८९ साली पलीकडं न्हावाशेव्याचं बंदर सुरू झालं. १९९४ साली ते गोदी मंडळ पोर्ट ट्रस्टमध्ये विलीन झालं. आज माझ्यासारखा पोरगा ठेकेदाराच्या यादीत. फोन आला तर काम, नाही आला तर नाही. महिन्यातले काही दिवस मी खोलीवर असतो. शेजारची म्हातारी माझ्या बहिणीला विचारते, "भाऊ आजपण पडीक?" रात्रपाळी करून दिवसा झोपलो तरी तेच. तिला काय बोलणार? तिनं तिच्या नवऱ्याला हेच म्हटलं असेल गिरणी बंद झाल्यावर.

गोदीत बेवारस मालाचाही कायदा आहे. १९६२ चा कस्टम्सचा कायदा, कलम ४८. उतरवलेला माल ३० दिवसांत कुणी सोडवला नाही, तर मालकाला नोटीस द्यायची आणि कस्टम्सच्या परवानगीनं तो विकायचा. म्हणजे शेडमध्ये धूळ खात पडलेल्या खोक्यालाही एक मुदत आहे, एक नोटीस आहे, त्याची कुठंतरी नोंद आहे. खोकं पडलंय म्हणून कुणी खोक्याला शिवी देत नाही, त्याचा मालक शोधतात. माणूस पडला की माणसालाच शिवी. एवढा साधा न्याय, जो खोक्याला मिळतो, तो आम्हाला द्या.

दोस्तांनो, कुणी म्हणेल, शब्द बदलून काय होतं? पोट भरतं का? नाही भरत. पण दलित हा शब्द आठवा. दळलेला, भरडलेला. तोही कुणीतरी दुसऱ्यानं केलेल्या कामाचा उरलेला चुरा होता. १९७२ साली पँथर उभी राहिली, १९७३ च्या जाहीरनाम्यात तिनं दलित कोण ते स्वतः सांगितलं. अनुसूचित जातीजमाती, बौद्ध, कष्टकरी, भूमिहीन, गरीब शेतकरी, स्त्रिया, राजकारणानं, पैशानं, धर्मानं ज्यांची पिळवणूक होते ते सगळे. त्या दिवसापासून दलित म्हटलं की दळणाऱ्याकडं बोट गेलं. शब्द तोच, पण त्यात करणारा दिसायला लागला. तेच पडीकचं करायचं आहे.

म्हणून तीन कामं सांगतो. पहिलं, आपल्यातल्या कुणालाही पडीक म्हणायचं बंद. नाक्यावरच्या पोराला म्हणायचं असेल तर पूर्ण वाक्य म्हणा. याला कंपनीनं काढलं. याला ठेकेदारानं बोलावलं नाही. याची फी भरता आली नाही. पूर्ण वाक्य म्हटलं की शिवी आपोआप योग्य दारात जाते.

दुसरं, सुट्टीत गावी जाल तेव्हा नुसत्या जत्रा आणि लग्नं करून येऊ नका. आपल्या लोकांनी धरलेल्या गायरानाचा सातबारा काढा. बाराव्या नमुन्यात पड लिहिलंय का बघा. गाव नमुना एक-ई मागा, ती अतिक्रमणांची नोंदवही आहे, त्यात आपल्या माणसाचं नाव कुठल्या सालचं आहे ते बघा. नसेल देत तर माहितीच्या अधिकारात अर्ज करा, तो कायदा २००५ सालापासून आहे. दंडाच्या पावत्या शोधा. अतिक्रमण केलं म्हणून सरकारनं दंड घेतला असेल, तर त्या साली तुमचा माणूस तिथं होता हे सरकारनंच लिहून दिलं.

तिसरं, उभ्या पिकाचे फोटो काढा, पंचनामा मागा, ग्रामसभेत उभं राहून मोठ्यानं बोला. म्हाताऱ्यांकडून ऐकून लिहून काढा, कुणी कधी जमीन फोडली. म्हातारे चाललेत. ते गेले की मग आपली जमीन खरोखरच मुकी होईल.

शेवटचं सांगून खाली बसतो. नोटीस आल्यावर मी चुलत्याला फोनवर विचारलं, काही पावत्याबिवत्या आहेत का. तो म्हणाला, गावात ठेवल्या असत्या तर कधीच जळल्या असत्या. तुझ्या बापाला विचार. मी खाटेकडं बघितलं. बा म्हणाला, "पेटी काढ." खाटेखाली पत्र्याची पेटी. आत प्लास्टिकच्या पिशवीत, बिस्किटाच्या डब्यात, १९८५ पासूनच्या दंडाच्या पावत्या. एकोणीस पावत्या. कुठल्या सालची कुठली, किती रुपयांची, बा न बघता सांगत होता. कुठल्या साली कुठला तलाठी, कुणी पावती द्यायला नकार दिला, कुणाच्या दारात दोन दिवस बसून आणली, सगळं.

ज्या माणसाला मी पडीक म्हणालो तो चाळीस वर्षं आमची दोन एकर राखत पडला होता.

पुढच्या महिन्यात सुनावणी आहे. मी रजा टाकून जाणार. म्हणजे रजा कसली, ठेकेदार नाव कापणार. बा म्हणतोय, मलापण घेऊन चल, मी उभा ऱ्हातो. त्याला धरून उभं करायला दोन माणसं लागतील. एक मी आहे. दुसरा तुमच्यातला कुणी येतो का, ते भाषण झाल्यावर मला येऊन सांगा.

जयभीम.